फोर्टिक्लायंट ईएमएसमधलं भगदाड: नव्या ॲडमिनने कुठून सुरुवात करायची

कंपनीतल्या दोनशे-तीनशे लॅपटॉपवर अँटीव्हायरस चालू आहे की नाही, व्हीपीएनची सेटिंग बरोबर आहे का, कुठल्या वेबसाइट उघडू द्यायच्या, हे सगळं एकेका मशीनवर जाऊन कुणी बघत नाही. त्यासाठी एक मध्यवर्ती सर्व्हर असतो. प्रत्येक लॅपटॉपवरचा छोटा एजंट त्या सर्व्हरला ठरावीक वेळाने हजेरी देतो आणि नवे आदेश घेऊन जातो. फोर्टिनेट कंपनीच्या अशा सर्व्हरचं नाव आहे फोर्टिक्लायंट ईएमएस. ट्रेंड मायक्रो, सिमँटेक, सेक्राइट यांचेही असे कन्सोल आहेत, आणि तुम्ही आयटी किंवा सिक्युरिटीच्या नोकरीत नवे असाल तर यातला एखादा लवकरच तुमच्या ताब्यात येईल.

सोसायटीच्या वॉचमनकडे सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या ठेवाव्यात, तशी या सर्व्हरची स्थिती असते. तो बोलेल ते प्रत्येक लॅपटॉप ऐकतो. अमुक फोल्डर स्कॅन करू नको म्हणाला तर एजंट तो सोडून देतो, अमुक सॉफ्टवेअर बसव म्हणाला तर बसवतो. म्हणून या सर्व्हरवर बाहेरच्या माणसाला स्वतःचे आदेश चालवता आले, ज्याला आपण रिमोट कोड एक्झिक्यूशन किंवा नुसतं आरसीई म्हणतो, तर ते नुकसान एका सर्व्हरपुरतं राहत नाही.

मार्च २०२४ मध्ये फोर्टिक्लायंट ईएमएसमध्ये अशीच त्रुटी जाहीर झाली. सीव्हीई या त्रुटींच्या जागतिक नोंदणीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४८७८८. मी नव्या मुलांना शिकवताना हेच उदाहरण घेते, कारण त्रुटी समजायला सोपी आहे, घटनाक्रम तारखांसकट उपलब्ध आहे, आणि पॅच (उत्पादकाची दुरुस्ती) लावून मोकळं होण्याच्या सवयीची किंमत त्यात स्पष्ट दिसते.

त्रुटी नेमकी कशी होती

लॅपटॉपवरचा एजंट ईएमएसशी साधारणपणे टीसीपी पोर्ट ८०१३ वरून बोलतो. सर्व्हरवर हे बोलणं ऐकणारा एक प्रोसेस असतो. एजंटने पाठवलेल्या माहितीत त्या मशीनचा ओळख क्रमांक असतो. सर्व्हर तो क्रमांक घेऊन डेटाबेसला विचारतो की हे मशीन आपल्या ओळखीचं आहे का. चूक इथे होती. आलेला क्रमांक न तपासता थेट डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतल्या क्वेरीच्या वाक्यात चिकटवला जात होता. क्रमांकाच्या जागी कुणी एसक्यूएलचे तुकडे पाठवले तर डेटाबेस तेही आदेश समजून चालवायचा. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. क्वेरीचा सांगाडा वेगळा आणि बाहेरून आलेली किंमत वेगळी ठेवली, म्हणजे पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरली, की हा प्रश्न उद्भवत नाही. ही गोष्ट कॉलेजातही शिकवली जाते. तरीही सुरक्षेच्या उत्पादनात ती राहून जाते, हे प्रोग्रामिंग करणाऱ्या वाचकांनी मनावर घ्यावं.

पण डेटाबेसमध्ये शिरणं आणि पूर्ण विंडोज सर्व्हर ताब्यात घेणं, यात अजून एक पायरी आहे. ईएमएसच्या ७.० आणि ७.२ या आवृत्त्यांच्या मागे मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर असतो. त्यात एक्सपी_सीएमडीशेल नावाची सोय आहे, जी डेटाबेसमधून थेट विंडोजचे कमांड चालवते. ती मुळात बंद असते. मात्र डेटाबेसमध्ये पुरेसे अधिकार असतील तर दोन-चार ओळींत ती चालू करता येते, आणि इथे ते अधिकार होते. शेवटी हल्लेखोराचे कमांड सिस्टीम या खात्याखाली चालत होते, म्हणजे विंडोजमधल्या जवळजवळ सर्वोच्च अधिकाराने. या सगळ्यासाठी पासवर्ड लागत नव्हता, आणि कुणा कर्मचाऱ्याने लिंकवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती.

तारखा नीट बघा

फोर्टिनेटने १२ मार्च २०२४ रोजी ॲडव्हायझरी, म्हणजे त्रुटीची अधिकृत सूचना, काढली. ७.२.० ते ७.२.२ आणि ७.०.१ ते ७.०.१० या आवृत्त्या धोक्यात होत्या. दुरुस्ती ७.२.३ आणि ७.०.११ मध्ये आली. त्रुटी शोधण्यात कंपनीच्या स्वतःच्या डेव्हलपमेंट टीमबरोबर ब्रिटनच्या नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरचाही वाटा होता.

२१ मार्चला होरायझन३ या संशोधन करणाऱ्या कंपनीने त्रुटीचं विश्लेषण आणि ती वापरून दाखवणारा नमुना कोड प्रसिद्ध केला. २५ मार्चला अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत हिचं नाव घातलं आणि तिथल्या केंद्रीय कार्यालयांना १५ एप्रिलपर्यंतची मुदत दिली. त्याच दिवसांत एका मीडिया कंपनीच्या सर्व्हरवर झालेला हल्ला फोरस्काउट या सुरक्षा कंपनीने नंतर सविस्तर मांडला. हल्लेखोराने आधी स्क्रीनकनेक्ट हे रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर उतरवून बसवायचा प्रयत्न केला. तो फसल्यावर पॉवरशेल या विंडोजच्या कमांड साधनातून मेटास्प्लॉइट या हल्ल्याच्या टूलकिटची एक स्क्रिप्ट आणून चालवली.

म्हणजे ॲडव्हायझरी आणि तयार नमुना कोड यांच्यात ९ दिवस होते. महिन्यातून एकदा पॅच लावायची पद्धत असलेल्या ऑफिसात त्या ९ दिवसांत मंजुरीचा मेलही फिरून येत नाही.

पुढची बाजू त्याहून त्रासदायक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, पॅच येऊन सात महिने झाल्यावर, कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या टीमला एका कंपनीतल्या घुसखोरीचा तपास करताना हीच त्रुटी सापडली. इंटरनेटवर उघडा असलेला विंडोज सर्व्हर, त्यावर ईएमएसचे पोर्ट, आत आल्यावर स्क्रीनकनेक्ट, मग नेटवर्कची चाचपणी, पासवर्ड चोरणारी हत्यारं आणि दुसरा रस्ता म्हणून एनीडेस्क हे आणखी एक रिमोट सॉफ्टवेअर. त्या मोहिमेचे माग ज्या देशांतल्या कंपन्यांपर्यंत गेले त्यांत भारतही होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने रशियन लष्करी गुप्तचरांशी जोडलेल्या एका गटाच्या हत्यारांत या त्रुटीचा उल्लेख केला. १२ मार्च २०२५ रोजी, मूळ ॲडव्हायझरीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, मेड्युसा रॅन्समवेअरबद्दलच्या अमेरिकी सरकारी इशाऱ्यात ती पुन्हा आली.

आता कामाला लागू. खालचा क्रम ईएमएस समोर ठेवून लिहिला आहे, पण कन्सोल दुसऱ्या कंपनीचा असला तरी हाच क्रम चालतो.

पायरी १: आपल्याकडे हे आहे का, आणि कुठे आहे

बातमी वाचून पहिला प्रश्न असतो, आपण हे वापरतो का. बहुतेक ऑफिसांत याचं उत्तर एका माणसाच्या डोक्यात असतं आणि तो माणूस रजेवर असतो. म्हणून शांत दिवशी एक साधी एक्सेल शीट बनवा. सर्व्हरचं नाव, आयपी, कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, कुणाच्या जबाबदारीत, आणि इंटरनेटवरून दिसतो का. चाचणीसाठी उभारलेला आणि नंतर विसरलेला सर्व्हर, जुन्या शाखेतला सर्व्हर, विलीन झालेल्या कंपनीकडून आलेला सर्व्हर, हे तिघे हमखास यादीबाहेर राहतात. देखभाल बाहेरच्या व्हेंडरकडे असेल तर त्यांच्याकडून आवृत्तीचा स्क्रीनशॉट मागवा. "अपडेटेड आहे सर" हे उत्तर पुरत नाही.

आवृत्ती कन्सोलमध्ये लॉगिन केल्यावर दिसते. ती शेवटच्या आकड्यापर्यंत लिहून घ्या, कारण ७.२.२ आणि ७.२.३ यांच्यातल्या त्या एका आकड्यावर सगळं ठरतं.

इंटरनेटवरून दिसतो का, हे ऑफिसच्या नेटवर्कमधून तपासू नका. मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप जोडा आणि आपल्या पब्लिक आयपीवर ८०१३ आणि ४४३ उघडे आहेत का ते बघा. फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या आयपीवर. दुसऱ्याचे पोर्ट चाचपणं हा कुतूहलाचा विषय नाही, ते तुम्हाला कायद्याच्या अडचणीत आणू शकतं.

पायरी २: ॲडव्हायझरीत काय वाचायचं

नवीन माणूस ॲडव्हायझरी उघडतो आणि आकड्यावर अडकतो. फोर्टिनेटने या त्रुटीला गंभीरतेचे १० पैकी ९.३ गुण दिले, अमेरिकेच्या राष्ट्रीय डेटाबेसने ९.८. या दोनांत खरा कुठला यावर वेळ घालवू नका. चार गोष्टी शोधा. हल्ला नेटवर्कवरून होतो का? आधी लॉगिन लागतं का? वापरकर्त्याने काही उघडायला किंवा दाबायला लागतं का? आणि प्रत्यक्षात कुणी वापरतंय का? पहिल्याचं उत्तर हो, मधल्या दोन्हींचं नाही आणि शेवटच्याचं हो असेल, तर आज हातात असलेलं दुसरं काम बाजूला ठेवा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बदलत राहतं. ॲडव्हायझरी पहिल्यांदा आली तेव्हा त्यात हल्ल्यांचा उल्लेख नव्हता, नंतर कंपनीने ती सुधारली. एकदा वाचून बंद केलेलं पान पुढचे दोन आठवडे रोज सकाळी उघडून बघायची सवय लावा. सीसाची यादी मोफत आहे, सर्ट-इन ही आपली राष्ट्रीय संस्थाही इशारे काढते, आणि उत्पादकाची ईमेल सूचना चालू करायला पाच मिनिटं लागतात. ती सूचना एका माणसाच्या मेलवर न ठेवता टीमच्या सामायिक मेलबॉक्सवर घ्या.

पायरी ३: पॅचच्या आधी रस्ता बंद करा

पॅचला मंजुरी, बॅकअप, रात्रीची वेळ, असं बरंच काही लागतं. फायरवॉलवरचा एक नियम बदलायला तेवढं लागत नाही. म्हणून पहिलं काम हेच करा. ४४३ वरचा ॲडमिन कन्सोल इंटरनेटवर असण्याचं काहीही कारण नाही, तो लगेच आत घ्या.

८०१३ चं प्रकरण थोडं नाजूक आहे. हा पोर्ट अनेक ठिकाणी मुद्दाम उघडा ठेवलेला असतो, कारण घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप त्याच वाटेने हजेरी देतात. तो बंद केला तर त्यांच्यापर्यंत नवे नियम पोहोचणार नाहीत, पण लॅपटॉपवर आधी असलेले नियम लगेच नाहीसे होत नाहीत. दोन-तीन दिवस हजेरी चुकली तर बहुतेक कंपन्यांचं काही बिघडत नाही. हा हिशोब वरिष्ठांसमोर नीट मांडा आणि निर्णय लेखी घ्या. काही धोरणं अशी असतात की हजेरी न दिलेल्या मशीनला व्हीपीएनच मिळत नाही. तसं असेल तर आधी ते तपासा, नाहीतर सकाळी नऊला फोन वाजायला लागतील.

पूर्ण बंद करणं शक्यच नसेल तर व्हीपीएनमधून येणाऱ्यांनाच परवानगी द्या, आणि समोर आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारी यंत्रणा) असेल तर त्या त्रुटीची सिग्नेचर, म्हणजे हल्ल्याची ओळखखूण, ब्लॉकवर ठेवा. फक्त भारतातल्या आयपींना परवानगी, असा नियम पुष्कळ जण लावतात. गर्दी थोडी कमी होते इतकंच, कारण भाड्याचा भारतीय सर्व्हर कुणालाही मिळतो.

पायरी ४: पॅच लावण्याआधी पुरावा उचलून ठेवा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शिकांत नसते, आणि तपासाच्या वेळी तिचीच उणीव सगळ्यात जास्त जाणवते.

एसक्यूएल सर्व्हर आपला एरर लॉग प्रत्येक वेळी रीस्टार्ट झाला की नव्या फाइलमध्ये लिहायला लागतो. मूळ सेटिंगमध्ये चालू फाइल आणि मागच्या ६ इतक्याच राहतात. अपग्रेड करताना सर्व्हिस चार-पाच वेळा बंद-चालू झाली तर जुन्या फाइली तितक्याच पुढे सरकतात आणि शेवटच्या पुसल्या जातात. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार २० एमबी असतो. वर्दळीच्या सर्व्हरवर तो फार लवकर भरतो आणि जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. म्हणजे घुसखोर आला होता की नाही हे सांगणारी ओळ तुमच्या स्वतःच्या दुरुस्तीतच नाहीशी होऊ शकते.

म्हणून सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर आधी स्नॅपशॉट घ्या, शक्य असेल तर मेमरीसकट. नसेल तर निदान एवढं दुसऱ्या मशीनवर कॉपी करा: ईएमएसच्या इन्स्टॉलेशन फोल्डरमधला पूर्ण लॉग्स फोल्डर, एसक्यूएल सर्व्हरचे एरर लॉग, विंडोजचे सिस्टीम, सिक्युरिटी, ॲप्लिकेशन आणि पॉवरशेल लॉग, आणि फायरवॉलवरच्या त्या सर्व्हरच्या येण्या-जाण्याच्या नोंदी. कॉपी केल्याची तारीख-वेळ लिहा, फाइलींचे हॅश (फाइल बदलली की बदलणारा ठसा) काढून ठेवा. पुढे प्रकरण पोलिसांपर्यंत किंवा विमा कंपनीपर्यंत गेलं तर हॅश उपयोगी पडतात.

पायरी ५: पॅच

इथे फार सांगण्यासारखं नाही. ईएमएसच्या आतून डेटाबेसचा बॅकअप घ्या, तो सर्व्हरबाहेर ठेवा, रिलीज नोट्समध्ये तुमच्या आवृत्तीवरून कुठे उडी मारता येते ते वाचा, आणि अपग्रेड करा. नंतर आवृत्तीचा आकडा पुन्हा डोळ्यांनी बघा. एजंट हजेरी देताहेत का ते पाच-सहा वेगवेगळ्या मशीनवर तपासा. याच संधीचा फायदा घेऊन ७.० वरून सरळ ७.४ वर जायचा मोह आवरा. ७.४ मध्ये ईएमएस लिनक्सवर आणि वेगळ्या डेटाबेसवर गेला आहे. ते स्थलांतराचं काम आहे, आणीबाणीच्या रात्री करायचं नव्हे.

पायरी ६: आता मागे वळून बघा

पॅचने त्रुटी बंद होते. आधीच आत आलेला माणूस त्याने बाहेर जात नाही. स्क्रीनकनेक्ट किंवा एनीडेस्क बसवून झालं असेल तर त्याला ती त्रुटी पुन्हा लागतच नाही. सर्व्हर १२ मार्चपासून पॅच लागेपर्यंत उघडा होता, तर तेवढ्या संपूर्ण काळाची चौकशी तुमच्यावर येते. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ते व्यवस्थित करणाऱ्या माणसाला मी फार मानते.

सर्व्हरवरची तपासणी एसक्यूएल सर्व्हरच्या एरर लॉगपासून सुरू करा. एक्सपी_सीएमडीशेल हा शब्द शोधा. ही सोय चालू केली की लॉगमध्ये तो पर्याय ० वरून १ झाल्याची स्पष्ट ओळ उमटते. तुमच्या टीममधल्या कुणी ती मुद्दाम चालू केलेली नसेल, तर ही ओळ सापडणं म्हणजे जवळजवळ उत्तरच मिळालं. सापडली नाही तर मात्र लगेच निर्धास्त होऊ नका. जुनी फाइल पुसली गेली असेल, किंवा ती सोय तुमच्या सर्व्हरवर आधीपासूनच चालू असेल.

मग ईएमएसचे स्वतःचे लॉग. ओळखीच्या नसलेल्या मशीनकडून आलेल्या जोडण्या, ओळख क्रमांकाच्या जागी अवतरण चिन्हं, अर्धविराम किंवा एसक्यूएलचे शब्द, डेटाबेसच्या चुकांची अचानक गर्दी, हे बघा.

त्यानंतर विंडोज. डेटाबेसचा प्रोसेस एसक्यूएलएसईआरव्हीआर या नावाने चालतो. त्याने सीएमडी किंवा पॉवरशेल जन्माला घातलं असेल तर ते नैसर्गिक नाही. प्रोसेस सुरू झाल्याची नोंद इव्हेंट ४६८८ मध्ये मिळते, पण ते ऑडिट मुळात बंद असतं आणि कमांडची पूर्ण ओळ नोंदवण्यासाठी वेगळी सेटिंग लागते. तुमच्याकडे ईडीआर (मशीनवरच्या हालचाली नोंदवणारं सुरक्षा सॉफ्टवेअर) असेल तर हीच माहिती तिथे अधिक सोपी मिळेल. सिस्टीम लॉगमधला ७०४५ म्हणजे नवी सर्व्हिस बसली. तो मुळातच चालू असतो, आणि रिमोट सपोर्टची सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा सर्व्हिस म्हणूनच बसतात. ४७२० म्हणजे नवं खातं तयार झालं. ११०२ म्हणजे सिक्युरिटी लॉग कुणीतरी साफ केला. हा एकटाच दिसला तरी थांबा आणि वरिष्ठांना कळवा. पॉवरशेलच्या लॉगमध्ये ४१०४ बघा. काही जादा सेटिंग न करताही विंडोज संशयास्पद वाटणाऱ्या स्क्रिप्टचे तुकडे तिथे नोंदवतं. टास्क शेड्यूलरमधली अनोळखी कामंही हाताने चाळा.

फायरवॉलचे लॉग नवी मुलं शेवटी बघतात, मी आधी बघायला सांगते. हा सर्व्हर बाहेर कुणाशी बोलायला हवा? फोर्टिनेटचे अपडेट सर्व्हर, विंडोज अपडेट, कदाचित मेल. बस. त्याव्यतिरिक्त बाहेर गेलेली प्रत्येक जोडणी स्पष्टीकरण मागते. सर्व्हरवरचे लॉग घुसखोर पुसू शकतो, फायरवॉलवरचे त्याच्या हातात सहसा नसतात.

सगळ्यात शेवटी, आणि हे कन्सोलच्या बाबतीतच लागू आहे, ईएमएसमधली धोरणं तपासा. अँटीव्हायरसच्या अपवादांच्या यादीत नवा फोल्डर आलाय का, एखाद्या गटाचं संरक्षण कमी केलंय का, नवा ॲडमिन आहे का, आणि एजंटांना बसवण्यासाठी कुठलं पॅकेज पाठवलं गेलंय का. सहा महिन्यांपूर्वीचा बॅकअप असेल तर त्यातल्या धोरणांशी ताडून पाहा. हल्लेखोराला प्रत्येक लॅपटॉप फोडत बसण्याची गरज नसते, कन्सोलमधला एक अपवाद त्याला पुरतो.

पायरी ७: काही सापडलं तर

सर्व्हर बंद करू नका. नेटवर्कमधून तोडा, पण चालू ठेवा, कारण मेमरीतला पुरावा बंद केल्यावर जातो. सापडलेल्या फाइली डिलीट करू नका, आणि त्यांची चर्चा ऑफिसच्या ईमेलवर करू नका. घुसखोर कुठपर्यंत पोहोचलाय हे कळेपर्यंत फोन वापरा.

भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. हे खासगी कंपन्यांनाही लागू आहे. टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. सहा तासांत पूर्ण तपास होत नाही आणि तो अपेक्षितही नाही. तेव्हा हातात असेल तेवढी माहिती द्यायची, बाकी पुढे पुरवायची. कळवायचं कुणी, हे मात्र आधी ठरलेलं असावं. मध्यरात्री कायदा विभागाचा नंबर शोधण्यात दोन तास जातात.

पासवर्ड बदलताना ईएमएसला ॲक्टिव्ह डिरेक्टरी या विंडोज नेटवर्कमधल्या खात्यांच्या यादीतून वापरकर्त्यांची माहिती आणण्यासाठी दिलेलं खातं विसरू नका. ते अनेक ठिकाणी घाईत डोमेन ॲडमिनचं, म्हणजे पूर्ण विंडोज नेटवर्कवर अधिकार असलेलं, दिलेलं असतं. तसं असेल तर प्रश्न एका सर्व्हरचा उरला नाही, पूर्ण डोमेनचा झाला, आणि तिथे घटना हाताळणाऱ्या अनुभवी टीमला बोलवा. त्या सर्व्हरवर कुणी कुणी लॉगिन केलं होतं, त्या सगळ्यांचे पासवर्ड बदला.

सर्व्हर साफ करून परत वापरायचा आग्रह होईल. तो नाकारा. नवं विंडोज, नवं ईएमएस, आणि घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपमधली धोरणं. एक दिवस जास्त जाईल.

पायरी ८: पुढची त्रुटी येईल त्यासाठी

ती येतेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये फोर्टिनेटच्याच फोर्टिमॅनेजर या फायरवॉल सांभाळणाऱ्या सर्व्हरमध्ये सीव्हीई-२०२४-४७५७५ जाहीर झाली, तेव्हा मँडियंट या सुरक्षा कंपनीच्या तपासात हल्ल्यांची सुरुवात २७ जूनपर्यंत मागे गेली. म्हणजे जाहीर होण्याच्या जवळजवळ चार महिने आधीच ती वापरात होती, आणि त्या काळात लावायला पॅचच नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या ॲपेक्स वन कन्सोलमधली सीव्हीई-२०२५-५४९४८ प्रत्यक्ष हल्ल्यांत दिसली. त्याच महिन्यात सिस्कोच्या फायरवॉल मॅनेजमेंट सेंटरमधल्या एका त्रुटीला पूर्ण १० गुण मिळाले. कंपन्या वेगळ्या, चुका वेगळ्या, पण सगळीकडे निशाण्यावर व्यवस्थापनाचाच सर्व्हर.

फोर्टिमॅनेजरसारख्या प्रसंगी वेगाने पॅच लावणारी टीमही वाचत नाही. ज्यांचा सर्व्हर इंटरनेटवरून गाठताच येत नव्हता, ते वाचतात. म्हणून माझ्या मते पहिली मेहनत पॅचच्या वेगावर नको, पोहोच कमी करण्यावर हवी. कन्सोल वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात), तिथे जायला एकच जंप सर्व्हर, म्हणजे आत शिरण्याचं एकमेव मशीन, त्यावर दुहेरी पडताळणी, आणि सर्व्हरवरून बाहेर जायला फक्त ठरावीक पत्ते. शेवटचं बंधन लोक टाळतात, पण स्क्रीनकनेक्ट उतरवण्याचा प्रयत्न तिथेच अडतो.

लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. महागडं सिएम (लॉग गोळा करून तपासणारी यंत्रणा) घ्यायला पैसे नसतील तर एक लिनक्स मशीन, सिसलॉग आणि दोन टीबीची डिस्क एवढ्यावर सुरुवात होते. विंडोजचा सिक्युरिटी लॉग २० एमबीवरून निदान १ जीबी करा, ४६८८ आणि कमांडची ओळ चालू करा, आणि सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीने जुळवा. घड्याळं जुळलेली नसतील तर फायरवॉलवरची ओळ आणि सर्व्हरवरची ओळ एकाच घटनेची आहे हे सिद्ध करता येत नाही.

आणि दर तीन महिन्यांनी पायरी १ मधली शीट उघडून मोबाइलच्या डेटावरून पब्लिक आयपी पुन्हा तपासा. फायरवॉलवर तात्पुरते म्हणून उघडलेले नियम तिथेच सापडतात. त्या प्रत्येक नियमासमोर तो कुणी, कधी आणि कशासाठी उघडला हे लिहिलेलं नसेल, तर तो बंद करा आणि कुणाचा फोन येतो ते बघा.